एकांकाची नोंद

रिद्धपूरहून मोर्शी गाठायची आणि तिथून साळबर्डीच्या डोंगराकडे वळायचे, ही वाट दुचाकीवर सकाळच्या एका फेरीत होते. दोन्हीकडे संत्र्याच्या बागा, मधूनमधून पऱ्हाटीची आणि तुरीची वावरे, आणि उत्तरेला सातपुडा. सुटीच्या दिवशी अमरावतीकडची तरुण मंडळी डोंगराच्या बाजूला गाड्या काढतात, काही परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या हेल्मेटच्या हनुवटीवर आगपेटीहून थोडा मोठा कॅमेरा बसवलेला असतो. निघताना बटण दाबायचे आणि विसरून जायचे. तेराव्या शतकात रिद्धपुरात गुरू श्रीगोविंदप्रभूंची भेट झाल्यावर महानुभाव पंथाचे संस्थापक श्रीचक्रधरस्वामी याच साळबर्डीच्या डोंगराकडे पायी गेले आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे बारा वर्षे तिथल्या एकान्तात राहिले. त्यांच्यासोबत कोणी नव्हते, लिहून घेणारा तर नव्हताच. तरीही त्या काळातल्या गोष्टी आज साडेसातशे वर्षांनी आपल्या हातात आहेत. त्या कशा आल्या, हा प्रश्न मला कॅमेऱ्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. एकट्याने केलेल्या प्रवासाची नोंद कोणी ठेवायची, कशी ठेवायची, आणि मुख्य म्हणजे कोणासाठी? हा तंत्राचा प्रश्न दिसतो, पण तो आहे धर्माचा, आणि त्याचे उत्तर शोधायला रिद्धपूरसारखे दुसरे गाव महाराष्ट्रात नाही.

कारण मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ इथेच आकाराला आला. स्वामींचे शिष्य म्हाइंभट यांनी शके 1200 च्या, म्हणजे 1278 च्या सुमारास स्वामींचे लीळाचरित्र सिद्ध केले, तेव्हा स्वामींनी उत्तरापंथे गमन करून, म्हणजे उत्तरेकडे निघून जाऊन, थोडीच वर्षे झाली होती आणि सारा शिष्यपरिवार पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांच्यासह रिद्धपुरात श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत होता. या ग्रंथाचे तीन भाग आहेत: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. पूर्वार्ध-उत्तरार्धातल्या लीळांना साक्षीदार होते. कोणी तिथे बसले होते, कोणी भिक्षा आणली होती, कोणी प्रश्न विचारला होता. एकांक मात्र स्वामी एकटे फिरत होते त्या काळाचा. शिकाऱ्यांच्या तावडीतून निसटलेला ससा त्यांच्या मांडीखाली येऊन दडला, तेव्हा ते पाहायला शिष्य कोणीच नव्हते. साळबर्डीच्या डोंगरात मुक्ताबाई नावाची तपस्विनी भेटली, तेव्हाही नाही. मग म्हाइंभटांना हे कोणाकडून मिळाले? स्वामींनीच पुढे कधीतरी, प्रसंगाने, समोर बसलेल्या शिष्यांना सांगितले, आणि ज्यांना सांगितले त्यांनी ते धरून ठेवले. म्हणजे एकांकाची नोंद एकान्तात झालीच नाही. ती झाली संगतीत, कोणीतरी विचारल्यामुळे किंवा कोणाला तरी त्याची गरज पडल्यामुळे. यात महदाइसेसारख्या शिष्येचा वाटा किती मोठा असेल! लीळाचरित्रभर ती विचारत असते, खोदून विचारते, उत्तर मिळाले तरी पुढे विचारते, आणि स्वामींनी तिच्या या जिज्ञासेचे कौतुक केलेले आहे. विचारणारी ती होती म्हणून सांगणे झाले.

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याने हा क्रम उलटा केला. आता एकान्तातच नोंद होते, प्रवासाच्या क्षणालाच होते, आणि विचारणारा कोणी नसताना होते. माझे म्हणणे असे की हा उलटा क्रम निरुपद्रवी नाही. कॅमेरा नोंद ठेवतो, पण स्मरण हे माणसाने करायचे काम आहे, आणि ते काम यंत्राने केले असे समजून आपण मोकळे झालो की प्रवास ना आपल्या आत राहतो, ना दुसऱ्याला देता येतो. कॅमेरा फोडून टाका असे मी म्हणत नाही. त्याच्याकडून काय घ्यायचे आणि काय त्याच्यावर सोपवायचे नाही, एवढेच ठरवायचे आहे. ते ठरवण्यासाठी आधी तो काय करतो हे नीट पाहायला हवे.

या जातीच्या कॅमेऱ्याचा जन्म स्वतःला पाहण्याच्या इच्छेतून झाला. निक वुडमन या अमेरिकन तरुणाला लाटांवर स्वार असतानाचे आपले फोटो हवे होते. त्यासाठी त्याने मनगटाला बांधायचा कॅमेरा तयार केला, 2004 साली त्याच्या गोप्रो कंपनीचे पहिले मॉडेल बाजारात आले, त्यात साधी 35 मिलिमीटरची फिल्म होती, आणि मॉडेलचे नाव होते हीरो. पुढे कॅमेरा मनगटावरून डोक्यावर चढला आणि एक विलक्षण गोष्ट झाली. ज्याला पाहायचे होते तोच चित्रातून गेला. हनुवटीवरून घेतलेल्या चित्रणात हँडल दिसते, हातमोजे दिसतात, आरशाचा तुकडा आणि पुढचा रस्ता दिसतो. चालवणारा कुठेच नसतो. वेदान्ती याला साक्षीची उपमा देतील: सर्व पाहणारा, स्वतः न दिसणारा. पण साक्षीला जाण असते, भिंगाला नसते. शिवाय हे रुंद कोनाचे भिंग डोळ्यासारखे पाहतही नाही. ते कडांना ताणते, त्यामुळे बाजूची झाडे प्रत्यक्षाहून वेगाने पळताना दिसतात, आणि दूरचे लहान करते, त्यामुळे मोर्शीच्या रस्त्यावरून डोळ्यांत मावत नाही तो सातपुडा पडद्यावर पातळ रेघ होतो. वाऱ्याच्या घोंघाटाने बाकीचा आवाज बुडतो, म्हणून नंतर त्यावर गाणे चढवतात. म्हणजे जे टिपले गेले त्यातही वेग वाढला, डोंगर आक्रसला आणि ध्वनी गेला. चित्रण खोटे आहे असे नाही. पण घडले ते जसेच्या तसे आपल्याकडे आहे, हा विश्वास मात्र खरा नाही.

माणसाच्या स्मृतीवर याचा काय परिणाम होतो, याचे थोडे पुरावे मानसशास्त्राने जमवले आहेत, आणि ते एकतर्फी नाहीत. लिंडा हेन्केल यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवले. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या पाहायच्या. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू आणि त्यांचे तपशील कमी आठवले. पण याच अभ्यासातल्या दुसऱ्या प्रयोगात जेव्हा वस्तूच्या एका भागावर भिंग रोखायला सांगितले, तेव्हा आठवण शाबूत राहिली, न रोखलेल्या भागाचीसुद्धा. 2017 साली ॲलिक्सांड्रा बॅराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आपण होऊन, निवडून फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले जास्त आठवते, पण ऐकलेले कमी. या दोन्हींतून मला एकच धागा दिसतो. हानी यंत्राने होत नाही, लक्ष सोपवून दिल्याने होते. जिथे माणूस निवडतो, थांबतो, वळून पाहतो, तिथे कॅमेरा हातात असूनही स्मृती जागी राहते. हेल्मेटवरचा कॅमेरा नेमका या निवडीतूनच सुटका देण्यासाठी बनवला आहे. बटण दाबून विसरून जाण्याची सोय, हीच त्याची जाहिरात आहे.

महानुभाव विचारात या विसरून जाण्याला फार गंभीर अर्थ आहे. त्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे, नित्य. जीव स्वतःच्या बळावर सुटत नाही. परमेश्वर अवतार घेऊन जवळ असतो तो काळ सन्निधानाचा, आणि तो दृष्टीआड झाला की असन्निधान सुरू होते. साधकाचा सारा आचार या दुसऱ्या काळासाठी आहे, आणि त्यात स्मरणाला मोठे स्थान आहे. स्मरण म्हणजे नुसती आठवण येणे नव्हे. स्वामींचे नाव, मूर्ती, त्यांच्या लीळा एकेक करून मनात आणणे, रोज आणणे, हा नेम आहे, भिक्षा आणि अटन, म्हणजे फिरत राहणे, यांच्या बरोबरीचा. लीळाचरित्राच्या जन्माची जी कथा परंपरेने जपली आहे तीही हेच सांगते. स्वामी गेल्यावर नागदेवाचार्य एकान्तात स्मरण करीत बसलेले म्हाइंभटांनी पाहिले आणि विचारले की आपण काय करता. स्वामींच्या लीळा आठवतो, असे उत्तर मिळाले. तेव्हा म्हाइंभटांनी विनंती केली की त्या आम्हालाही सांगाव्या, म्हणजे मागून येणाऱ्यांना त्यांचा आधार होईल. हा क्रम पाहा. आधी स्मरण, मग प्रश्न, मग सांगणे, मग लिहिणे. पोथी हे स्मरणाचे संतान आहे. पोथी झाली म्हणून पुढे कोणी स्मरण सोडले नाही. उलट ती वाचायची, ती स्मरण करता यावे म्हणूनच. मेमरी कार्डावर साठलेल्या चाळीस-पन्नास तासांच्या राइडी मात्र बहुतेक वेळा कोणी पुन्हा उघडत नाही. ज्याने टिपल्या तोही नाही. तिथे नोंद आहे आणि स्मरण शून्य आहे.

यावर पहिला आक्षेप रिद्धपुरातूनच येऊ शकतो, आणि तो कच्चा नाही. महानुभावांइतकी बारकाईची नोंद ठेवणारे लोक मध्ययुगात दुसरे कोण होते? स्थानपोथी उघडावी. स्वामी कोणत्या देवळात उतरले, देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, कोणत्या बाजूला आसन झाले, कुठे जेवण, कुठे निजणे, हे सगळे दिशांसकट मांडलेले आहे. कोणत्या गावी काय खाल्ले, वस्त्र कसे पांघरले होते, अशा गोष्टी लीळाचरित्रात जागोजागी येतात. यात थोर आणि क्षुल्लक अशी निवड केलेली दिसत नाही. मग बटण दाबून सगळेच टिपणाऱ्या तरुणाला नावे का ठेवायची? त्यानेही तेच केले. आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. क्षुल्लकाची नोंद ठेवणे हा दोष नाही, आणि लीळाचरित्राचे मोठेपण बरेचसे त्या क्षुल्लकातच आहे. पण तिथे क्षुल्लक काहीच नव्हते, कारण ज्याचे ते होते तो प्रिय होता. जेवणातला एक पदार्थ साडेसातशे वर्षे टिकला तो कोणाला तरी ते वाढणे विसरवले नाही म्हणून. प्रत्येक तपशील एका माणसाच्या प्रेमातून आणि एका माणसाच्या मुखातून आलेला आहे. भिंगाला प्रिय-अप्रिय नाही, आणि म्हणून त्याच्याजवळ क्षुल्लकही नाही, थोरही नाही. सर्व सारखेच पडून राहते. आणखी एक गोष्ट: ही नोंद दुसऱ्याची आहे. म्हाइंभट पंडित होते, वादविवादात गाजलेले. पण ग्रंथभर त्यांनी स्वतःला इतरांच्या रांगेत ठेवले, सांगणाऱ्याचा अधिकार सांगणाऱ्याकडेच राहू दिला.

दुसरा आक्षेप अधिक जोराचा आहे. माणसाची स्मृती चुकते, यंत्र चुकत नाही. खिलजी स्वारीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली, पुढे शिष्यांनी आठवणीवर ती पुन्हा उभी केली, आणि म्हणून तिचे वेगवेगळे पाठ झाले. हिराइसेच्या नावाचा एक पाठ, आणखी कोणाच्या नावाचा दुसरा. विसाव्या शतकात ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांना हयातीची कित्येक वर्षे या पाठांचा मेळ घालण्यात घालवावी लागली. स्वामींच्या वाटेवर एक कॅमेरा असता तर? खरे सांगायचे तर, असता तर मला ते चित्रण हवे झाले असते. कोणाला नको होईल? हानीला लाभ म्हणण्याचा खोटेपणा मी करणार नाही. पण त्या हानीतून जे दिसले तेही पाहायला हवे. प्रत गेली तरी ग्रंथ गेला नाही, कारण तो लोकांच्या मुखी होता. आणि चुकीचा प्रश्न त्या लोकांनी झाकला नाही. दोघांची आठवण वेगळी असेल तर दोन्ही ठेवायच्या, ज्याची आठवण त्याच्या नावानिशी. या भिन्न आठवणीला त्यांनी शब्द वापरला वासना, आणि अधिक चौकशीतून हाती आलेल्याला शोधु. आज वासना हा शब्द आपण फार अरुंद करून टाकला आहे. मनावर उमटून राहिलेला ठसा, तो ज्याच्या मनावर उमटला त्याच्यासकट, असा त्याचा तिथला अर्थ आहे. जात्यंधांनी हत्तीला हात लावून वेगवेगळे सांगितल्याचा दृष्टान्त सांगणाऱ्या संप्रदायाला हे माहीत होते की एका जागेवरून पूर्ण हत्ती कळत नाही. म्हणून त्यांनी सांगणारे वाढवले.

यंत्र चुकत नाही हे म्हणणे कायद्यालाही तसेच्या तसे मान्य नाही, ही गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. जालना विधानसभेच्या 2014 च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, असा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन थांबला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये सांगितले की इलेक्ट्रॉनिक चित्रणाची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते यंत्र कोणते, ते नीट चालत होते का, प्रत कशी काढली, याची जबाबदारी एका माणसाने सही करून घ्यायची. किंवा मूळ यंत्राच्या मालकाने ते घेऊन स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहायचे. दोन्ही मार्गांत माणूस टळत नाही. चित्रण आपल्या तोंडाने बोलत नाही, त्याच्यामागे कोणीतरी उभे राहून हे माझे आहे असे म्हणावे लागते. वासना नावानिशी लिहिणारे आणि प्रमाणपत्र मागणारे न्यायाधीश यांच्यामध्ये सात शतके आहेत, पण साक्ष म्हणजे काय याबद्दल दोघांची समजूत जवळजवळ एक आहे.

पुराव्याचा विषय निघालाच आहे, तर अपघाताचा मुद्दा इथेच निकालात काढतो. पुढच्या गाडीने अचानक वळण घेतले, चूक कोणाची हे ठरवायचे, यासाठी कॅमेरा असावा, यात मला काहीही वावगे दिसत नाही. हेल्मेटलाच बाहेरून कॅमेरा जोडणे सुरक्षित नाही अशी भूमिका घेऊन केरळच्या मोटार वाहन विभागाने 2022 साली त्याला मनाई केली होती. तेव्हा तो हँडलवर बसवा. अशा कामासाठी कॅमेरा जुने पुसून नवे टिपत राहतो, काही घडले नाही तर काहीच मागे उरत नाही, आणि त्या प्रामाणिक विस्मृतीशी माझे भांडण नाही.

खरे भांडण अटन या कल्पनेपाशी आहे. दुचाकीवर एकट्याने निघणाऱ्याला विचारले की का जातोस, तर तो बहुधा म्हणतो की मोकळे व्हायला. ओळखीच्या माणसांपासून, रोजच्या नावापासून दूर. ही इच्छा मला उथळ वाटत नाही. तिच्यात अटनाचा अंश आहे. महानुभाव साधकाला सतत फिरत राहायला सांगितले आहे. एका जागी रुजायचे नाही, आपल्याला ओळखणारे नसतील अशा ठिकाणी जायचे, मान मिळेल तिथून उठायचे. फिरण्याचे फळ डोंगर आणि नद्या पाहण्यात नाही, आपण कोणी नाही असे होण्यात आहे. कॅमेरा सुरू करून निघालेला माणूस मात्र आपली सगळी ओळखीची माणसे हनुवटीवर घेऊन निघतो. तो निर्जन घाटात असला तरी त्याच्या मनात पुढे बघणारे असतात. वळण घेताना हे छान येईल असा विचार त्याच्या वळणात शिरतो. एकान्त मोडायला गर्दी लागत नाही, आपल्याला कोणीतरी बघणार आहे एवढी खात्री पुरते. याला कोणी म्हणेल की स्वामींची लीळाही शेवटी जगाला कळलीच, मग कळण्यात वाईट काय? कळण्यात नाही. पण ससा मांडीखाली आला त्या वेळी ती गोष्ट फक्त सशाची, शिकाऱ्यांची आणि स्वामींची होती. सांगण्याचा काळ पुढे वेगळा आला. दोन काळ एकमेकांवर चढले नाहीत. पुढे तर या संप्रदायाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाहेरच्यांना ते वाचता आले नाहीत. ती कोंडी मराठीच्या दृष्टीने नुकसानीची ठरली असे माझे मत आहे. तरीही प्रत्येक गोष्ट प्रत्येकाला तत्क्षणी दाखवलीच पाहिजे ही आजची सक्ती मला त्या कोंडीपेक्षा फारशी बरी वाटत नाही.

आता सर्वांत कठीण आक्षेप, आणि त्याने मला माझे म्हणणे बदलायला लावले आहे. महानुभाव ग्रंथकार केशिराजबास संस्कृताचे मोठे जाणते. त्यांनी संस्कृतात रचना केली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण संस्कृतात लिहिले तर आपल्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. मराठीच्या इतिहासातला हा फार मोठा क्षण आहे. मराठी भाषेचे विद्यापीठ रिद्धपुरात उभे राहिले त्याच्या मुळाशी हाच विचार आहे, असे मी मानतो. मग हाच विचार पुढे नेला तर? जिला आता अंथरूण सुटत नाही अशी म्हातारी साळबर्डीला चढू शकत नाही, रिद्धपूरच्या राजमठापर्यंत येऊ शकत नाही. तिच्या नातवाच्या हेल्मेटवर कॅमेरा आहे. ती मुकू नये म्हणून त्याने तो सुरू केला, तर नागदेवाचार्य त्याला थांबवतील की पाठ थोपटतील? पाठ थोपटतील, याबद्दल मला शंका नाही. जे पायी जाऊ शकत नाहीत त्यांच्यापर्यंत स्थान नेणे हे स्थानपोथीचेच काम आहे. कॅमेरा आणि धर्म यांचा जन्मजात विरोध आहे असे म्हणणाऱ्याला इथे गप्प बसावे लागते.

पण नातवाने आजीसाठी कॅमेरा लावला की राइडच बदलते, हे मात्र त्याने समजून घ्यायला हवे. साठ-सत्तरच्या वेगात आजीला काहीच दिसणार नाही. तिला रस्त्याचे वळण नको आहे, तिला ओटा पाहायचा आहे. स्वामी जिथे बसले, श्रीगोविंदप्रभू जिथे खेळले त्या जागांवर बांधलेले हे नमस्कारी ओटे उंच नसतात, दुरून नजरेत भरत नाहीत. ते हेल्मेटच्या उंचीवरून, गाडीवर बसून टिपताच येत नाहीत. श्रीगोविंदप्रभू फार दूर कुठे गेले नाहीत. त्यांच्या चरित्रातल्या तीनशेहून अधिक लीळा बहुतेक या एकाच गावातल्या आणि आसपासच्या. कोणाच्याही घरात शिरणे, लहान मुलासारखे खेळणे, कोणाच्या चुलीवरचे खाणे, अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीही तितक्याच सहज जाणे, वेड्यासारखे वाटणारे वागणे, आणि त्या वागण्यात गावाला दिसलेली माया. त्यांच्या लग्नाचा घाट घातला गेला तेव्हा महदाइसेने धवळे गायिले तेही इथेच. अशा गावात पाहण्यासारखे जे आहे ते रस्त्याला समांतर नाही, ते आळीत, दारात आणि अंगणात आहे. इंजिन बंद केल्याशिवाय, हेल्मेट काढून हातात घेतल्याशिवाय आणि कोणाला तरी विचारल्याशिवाय ते सापडत नाही. हनुवटीवर बसवलेला कॅमेरा हेल्मेटबरोबर हातात खाली लोंबतो आणि त्यात आकाश आणि जमीन आळीपाळीने येत राहतात. त्याला तिथून काढून हातात धरावे लागते, एकेका जागेवर रोखावे लागते. हेन्केल यांच्या प्रयोगातल्या भिंग रोखणाऱ्यांची आठवण शाबूत राहिली होती ती याच कृतीमुळे.

मग मठाजवळ बसलेले कोणी सांगतात की इथे श्रीप्रभू बसत, दाराचे तोंड त्या बाजूला होते. शेजारचे म्हणतात, नाही, असे ऐकले आहे की ते पलीकडे. नातवाने दोन्ही घ्यावे, ज्यांचे त्यांच्या नावाने घ्यावे, कापून एक करू नये. संध्याकाळी तो घरी पोचेल तेव्हा कार्ड अजून कॅमेऱ्यातच असेल. आजी मोबाइल मागण्याआधी विचारील, कुठे कुठे गेला होतास, ओट्यावर डोके ठेवलेस का, कोण भेटले, त्याने काय सांगितले. चित्रण नंतर पाहता येईल. आधी त्याला आठवून सांगावे लागेल, आणि आजी मध्येच थांबवून पुन्हा विचारील.